मर्यादेपलीकडच्या करंटवर लेझर डायोड किती टिकतो, हे मोजताना

लेझर डायोड म्हणजे करंट दिल्यावर लेझर प्रकाश देणारा अर्धवाहकाचा छोटा स्फटिक. ‘हा डायोड कमाल मर्यादेच्या दीडपट करंटवरही आरामात टिकतो’ असे विधान हौशी मंडळींच्या बोलण्यात वरचेवर ऐकू येते आणि बहुतेक वेळा त्यामागे एकच डायोड व काही मिनिटांचा वापर एवढाच आधार असतो. सुरुवातीला मीही असेच निष्कर्ष काढत असे. गेली काही वर्षे मात्र मी डायोड मुद्दाम डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) कमाल मर्यादेबाहेर चालवून त्यांचे आयुष्य मोजतो आहे आणि या कामातून माझी एक खात्री पटली आहे. जास्त करंटवर डायोड दोन वेगवेगळ्या प्रकारे निकामी होतो, आणि एका प्रकाराविषयी जमवलेल्या आकड्यांवरून दुसऱ्याविषयी काहीही सांगता येत नाही.

पहिला प्रकार सावकाश चालतो. करंट आणि उष्णता यांमुळे स्फटिकातील दोष वाढत जातात, प्रकाश न देता केवळ उष्णता निर्माण करणाऱ्या जागा वाढतात, थ्रेशोल्ड करंट (ज्या करंटला लेझर प्रकाश सुरू होतो तो) वर सरकतो आणि तेवढ्याच करंटला मिळणारा प्रकाश हळूहळू कमी होतो. १९७० साली लेनिनग्राडमध्ये झोरेस अल्फेरॉव्ह यांच्या गटाने आणि अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये इझुओ हायाशी व मॉर्टन पॅनिश यांनी खोलीच्या तापमानाला अखंड चालणारे अर्धवाहक लेझर करून दाखवले, तेव्हा मोठी अडचण हीच होती की ते फार थोडा वेळ टिकत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या सक्रिय थरात पसरत जाणाऱ्या काळ्या रेषा दिसल्या आणि स्फटिकातील विस्थापने (अणूंच्या रांगांतील तुटी) वाढत जाऊन त्या तयार होतात, हे कळले. आजच्या डायोडचे दीर्घ आयुष्य त्या काळ्या रेषांवर मिळवलेल्या ताब्याचे फळ आहे.

दुसरा प्रकार क्षणात घडतो. डायोडच्या स्फटिकाचे टोक हाच त्याचा आरसा असतो आणि सगळा प्रकाश त्याच्या अत्यंत लहान भागातून बाहेर पडतो. हा भाग ३ चौरस मायक्रोमीटर आहे आणि त्यातून १०० मिलिवॅट प्रकाश जातो, असे धरले, तर तिथली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३ लाख वॅट भरते. आरशाच्या पृष्ठभागावर थोडा प्रकाश शोषला जातो, तो भाग तापतो, तापल्यामुळे पदार्थाचा ऊर्जापट्ट्यांमधला फरक (प्रकाश शोषला जाण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा) कमी होतो, त्यामुळे आणखी प्रकाश शोषला जातो, आणि हे चक्र एकदा सुटले की मायक्रोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात टोक वितळते.

हे मी प्रथम पाहिले, ते डीव्हीडी रायटरमधून काढलेल्या एका लाल डायोडच्या चाचणीत. बंद पेटीतील पांढऱ्या पडद्यावर पडलेला ठिपका कॅमेऱ्यातून दिसत होता आणि लेझरच्या प्रकाशात जी दाणेदार, लुकलुकणारी नक्षी दिसते, ती त्यात स्पष्ट होती. एका क्षणी ती नक्षी नाहीशी झाली आणि मागे उरला एक मंद, सपाट, पसरट लाल उजेड. करंटच्या आकड्यात काहीच फरक पडलेला नव्हता. डायोड अजून प्रकाश देत होता, पण केवळ साध्या एलईडीसारखा.

या दोन प्रकारांचा एकमेकांशी असलेला संबंध मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आरसा ज्या तीव्रतेला वितळतो, ती मर्यादा कायम राहत नाही. वापराबरोबर पृष्ठभाग खराब होत जातो आणि मर्यादा खाली येते. पहिल्या दिवशी सुरक्षित वाटलेला करंट काही शे तासांनी त्या घसरत आलेल्या मर्यादेला गाठतो आणि तोपर्यंत आलेखात जवळजवळ सरळ दिसणारी रेषा एकदम तुटते. म्हणून दहा तासांच्या चाचणीत प्रकाश अर्धा टक्का घटला, यावरून अमुक हजार तासांनी तो २० टक्के घटेल (तेवढी घट झाली की डायोडचे आयुष्य संपले, असे मी धरतो), असा हिशेब मांडणे मी बंद केले आहे.

मोजणीची मांडणी साधी असली, तरी तीत शिस्त लागते. मी डायोड स्थिर करंटवर चालवतो, स्थिर पॉवरवर नाही. पॉवर स्थिर ठेवणारा ड्रायव्हर (डायोडला करंट पुरवणारे सर्किट) घटलेला प्रकाश भरून काढण्यासाठी करंट वाढवत नेतो. मग ताण स्वतःच बदलत राहतो आणि आकड्यांची तुलना करता येत नाही. ठरावीक तासांनी मी करंट उतरवतो, डायोडचे तापमान २५ अंशांवर स्थिर होऊ देतो आणि शून्यापासून करंट व प्रकाश यांचा पूर्ण आलेख घेतो. थ्रेशोल्ड सरकला की उतार बदलला, हे त्यातूनच कळते. गरम अवस्थेत घटलेला प्रकाश पुष्कळदा थंड झाल्यावर परत येतो. लाल डायोडमध्ये हे विशेष जाणवते आणि त्याला झीज समजणे ही चूक आहे.

करंटबरोबर उष्णता वाढते, त्यामुळे ताण करंटचा की तापमानाचा, हे वेगळे काढावे लागते. एखादा निळा डायोड १ अँपिअर आणि ४.५ व्होल्टवर १.२ वॅट प्रकाश देत असेल, तर ३.३ वॅट उष्णता बाहेर काढावी लागते. स्फटिकापासून बाहेरच्या धातूपर्यंतचा औष्णिक रोध दर वॅटला १२ अंश धरला, तर हाताला कोमट लागणाऱ्या हीटसिंकमध्येही (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यातही) आतला स्फटिक जवळपास ४० अंशांनी अधिक तापलेला असतो. हीटसिंकमध्ये डायोड सैल बसला असेल, तर हा फरक आणखी वाढतो.

तापमान वाढवून चाचणी लवकर उरकणे आणि मग, तापमानाबरोबर झीज किती वेगाने वाढते हे सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्राने नेहमीच्या तापमानाचे आयुष्य काढणे ही उद्योगातील रूढ पद्धत आहे. पण उत्तर गृहीत धरलेल्या आकड्यावर अवलंबून असते: सक्रियण ऊर्जा (झीज तापमानाला किती संवेदनशील आहे, हे दाखवणारा सूत्रातील आकडा) ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली, तर ५५ अंशांवरचे आयुष्य २५ अंशांवर सुमारे बारा पट होते आणि ०.४ धरली, तर जेमतेम चारपट. प्रकाशाच्या पॉवरचेही तसेच आहे. आयुष्य पॉवरच्या तिसऱ्या घातानुसार घटत असेल, तर दीडपट पॉवरला ते सुमारे साडेतीन पटींनी कमी होते. पाचव्या घातानुसार घटत असेल, तर साडेसात पटींनी. हा घात किती, हे त्या जातीच्या डायोडवर किमान दोन-तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजल्याशिवाय कळत नाही.

माझ्या पहिल्या तुकडीतील तीन डायोड करंटने गेलेच नव्हते. जोडणीतील एक पिन सैल होती. संपर्क सुटला की ड्रायव्हरच्या आउटपुटवरचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) पूर्ण व्होल्टेजला भरे आणि संपर्क पुन्हा जुळताच ती सगळी साठवण एका झटक्यात डायोडमधून जाई. तेव्हा मी ती मरणे ‘जास्त करंट’ या रकान्यात लिहिली होती आणि महिनाभर त्या चुकीच्या आकड्यांवर विचार करत राहिलो. आता प्रत्येक पिन सोल्डर केलेली असते आणि ड्रायव्हर आधी साध्या सिलिकॉन डायोडच्या माळेवर व १ ओहमच्या रोधावर तपासला जातो. ४०५ नॅनोमीटरच्या (जांभळ्या प्रकाशाच्या) डायोडचे हवाबंद टोपण मी काढत नाही. त्या प्रकाशामुळे हवेतील सेंद्रिय वाफांचे विघटन होऊन आरशावर थर साचतो आणि मग आपण डायोडचे नव्हे, तर खोलीतल्या हवेचे मोजमाप करत बसतो.

५०० मिलिवॅटच्या वरचे लेझर वर्ग ४ मध्ये मोडतात आणि त्यांचा भिंतीवरून परतलेला प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून सगळी चाचणी धातूच्या बंद पेटीत होते आणि झाकण उघडताच करंट तुटतो. त्या तरंगलांबीचा योग्य चष्मा असला, तरी मी ही व्यवस्था वगळत नाही.

सध्या एकाच लॉटमधील दहा डायोड दोन करंट पातळ्यांवर, एकाच तापमानाला चालू आहेत. वरच्या पातळीवरचे पाचही गेले आणि त्यांतले चार अचानक गेले. खालच्या पातळीवरचे दोन गेले, तीन चालू आहेत. चालू असलेल्यांना ‘टिकले’ म्हणून सरासरीत घालणे किंवा सोडून देणे, दोन्ही चूक आहे; त्यांचे आयुष्य निदान एवढे आहे, इतकेच मला ठाऊक आहे. चौथ्या जागेवरच्या डायोडचा थ्रेशोल्ड गेल्या दोन नोंदींत किंचित चढला आहे, पण २० टक्के घट अजून झालेली नाही. म्हणून त्याच्या रकान्यात आज फक्त तासांचा आकडा आहे आणि त्यापुढे अधिकचे चिन्ह.