हो, भूक लागते

"मॅडम, आता तुम्हाला भूकच लागत नसेल ना?"

एसटीत, शिक्षकांच्या केंद्राच्या मीटिंगला, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही आणि कुणीही मला हे विचारतं. विचारणाऱ्याची नजर आधी माझ्या पोटावर जाते, मग ताटावर. "लागते की," म्हटलं की चेहरा पडतो. एवढा पैसा ओतून, नागपूरला जाऊन पोट कापून घेतलं आणि भूक लागतेच? मग फायदा काय झाला?

म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. वजन किती होतं, किती उतरलं, पतसंस्थेच्या कर्जाचे हप्ते किती राहिले, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात माझ्याआधी इतरांना ठाऊक असतं, त्यामुळे ते सोडते. माझी चरबी काढलेली नाही आणि पोट कापून फेकलेलंही नाही, एवढं मात्र सांगते. माझं वजन उतरवण्यासाठीचं जठराचं बायपास झालं. यात जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच असतं, त्याचे पाचकरस पुढे आतड्यात येऊन मिळतात. "पण तुम्ही तेवढ्या जाड कुठे होत्या?" असंही म्हणून झालंय लोकांचं. आपल्याकडच्या माणसाला कमी वजनातच साखर धरते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांमध्ये आशियाई लोकांसाठी या ऑपरेशनची बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, रेषा २७.५ पर्यंत खाली आणली आहे. मी त्या रेषेच्या बरीच वर होते आणि साखर तर होतीच. असो, मला वकिली करायची नाही.

भुकेचं सांगते. सुरुवातीचे काही महिने ती खरोखरच नव्हती. आतड्याची वाट बदलली की पोट भरल्याचा निरोप देणारी संप्रेरकं जास्त आणि लवकर सुटतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला एवढंच कळत होतं, की सकाळची शाळा आटोपून घरी यावं, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यावा आणि आत काहीच हलू नये. मोबाइलला गजर लावून जेवायचे. त्या काळात मला हलकं वाटत असेल, सुटल्यासारखं वाटत असेल असा लोकांचा समज आहे. मला भीती वाटायची. ज्या गोष्टीशी आयुष्यभर भांडले तीच घर सोडून गेली होती.

वर्षाच्या आतबाहेर ती परत आली. तशीच येते म्हणे बहुतेकांची, आणि वजनही दीड वर्षानंतर थोडंफार वर सरकू लागतं. तेव्हा उत्तर "हो" असंच आहे. तुमच्यासारखीच लागते, फक्त भागते लवकर. आणि लागणं-भागणं याच्यामध्ये जे असतं, त्याबद्दल तुम्ही विचारतच नाही.

नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं. पनीर, टोफू, ओट्स, उकडलेलं चिकन. आमच्या गावात टोफू म्हटलं तर लोक कुत्र्याचं नाव समजतील. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत साधारण तेवढंच. आणि माझ्या पोटात एका वेळी मावणार अर्धी वाटी. करा हिशोब. गंमत म्हणजे आमच्या ओसरीत सोयाबीनची पोती छताला लागलेली असतात आणि मी प्रोटीन पावडरचा डबा नागपूरहून मागवायचे. सोयाबीन पिकवायचं बाजारासाठी, घरात खायचं तुरीचं वरण. शेवटी सोयावडी आणली, भिजवून, पिळून, वाटून झुणक्यात घालायला लागले. सासूबाई त्याला अजून "तुझा भुसा" म्हणतात.

पाण्याचं तर विचारू नका. जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवताना नाही, नंतर अर्धा तास नाही, आणि प्यायचं ते घोटघोट. ज्यांनी हा नियम केला त्यांना मे महिन्यात एकदा आमच्याकडे बोलवावं. पारा ४५ च्या वर, उन्हातून आलेली बाई, समोर माठ, आणि गटागटा प्यायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी माठाजवळ उभी राहून रडले आहे. भाकरीसाठी नाही रडले कधी. भाकर वरणात कुस्करली की आठवडाभरात जमली. पोळी मात्र चावून चावून लगदा केला तरी आत गोळा होऊन बसायची, आणि मग छातीत ती कळ, तोंडाला सुटलेलं पाणी, मोरीकडे धाव. केस गळले, परत आले. बी-१२ चं इंजेक्शन उपकेंद्रातल्या सिस्टर देतात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास सोडायचे. हे जन्मभर आहे. याचं मला काही वाटत नाही. साखरेच्या गोळ्याही जन्मभरच होत्या.

शाळेतलं थोडं सांगते. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. पूर्वी माझी ही चव म्हणजे एक ताट असे. स्वयंपाकीण मावशी मुद्दाम खालची खरपुडी काढून ठेवायच्या. आता एक चमचा. पहिल्या दिवशी मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं, काही पडलं की काय म्हणून. त्याच वर्गात मी मुलांची वजनं घेते, उंची मोजते, आणि ज्यांचं वजन वाढत नाही त्यांच्या नावापुढे खूण करते. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते तुम्हाला माहीत आहे. अशा ठिकाणी कर्ज काढून कमी खाण्याची सोय करून घेतलेली बाई मी. कुणी हे तोंडावर बोललं नाही. मीच वजनकाट्यावर मुलाला उभं करताना बोलते मनात. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असं उत्तर मागायचा हक्क नक्की कुणाला आहे तेही कळत नाही.

आता महालक्ष्म्यांचं. हे मी आजवर फक्त आमच्या यांना सांगितलंय.

मोठ्या जाऊबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. भांडण झालं नव्हतं. दवाखान्यातून आले तेव्हा त्यांनी गोळाभात करून पाठवला, वर फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत. मी तेव्हा पातळ पदार्थांवर होते, डबा तसाच परत गेला. मग कढी पाठवली, ती दोन चमचे घेतली. मग काही आलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या हातचं खात आले होते. मी डी.एड. करून नोकरीला लागले, त्या चुलीशी राहिल्या. मी शाळेतून आले की ताट झाकलेलं असायचं. त्या घरात माझं वजन वाढलं ते त्यांच्या हातच्या अन्नावर, आणि मी ते वजन दवाखान्यात जाऊन उतरवून आले. त्यांनी याचा अर्थ काय लावला असेल ते मला तेव्हा कळलं नाही असं नाही. पण मी काय करायला हवं होतं? पायांच्या नसा जाईस्तोवर गोळाभात खायचा?

त्या वर्षी भाद्रपदात त्यांच्याकडून निरोप आला: महालक्ष्म्यांची सवाष्ण म्हणून ये. वर्षभर न बोलणारी जाऊ सवाष्ण म्हणून बोलावते, याला नाही म्हणता येत नाही.

ज्येष्ठा-कनिष्ठा मखरात, वर फुलोरा टांगलेला, त्यातल्या करंज्या-पापड्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. पानावर सोळा भाज्यांची भाजी, पडवळाची कढी, आंबील, पंचामृत, वडे, भोपळ्याचे घारगे, आणि मधोमध पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, धार म्हणजे पोळी पोहत होती. सवाष्णीने पानात टाकायचं नसतं. मी आंबील घेतली, भाजीचे दोन घास घेतले आणि पोळीचा कोपरा मोडून बाजूला ठेवला. जाऊबाई वाढायला आल्या, थांबल्या. वर्षभरानंतर पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "खाय न वो. माय जेवू घालते अन् तू कायले नाई म्हणतं?"

मी खाल्ली. अर्धी. भराभर खाल्ली, कारण त्या समोर उभ्या होत्या. खरं सांगायचं तर दुसरा घास त्यांच्यासाठी नव्हता. पुरण जायफळाचं होतं, मऊसूत होतं, आणि माझ्या तोंडाला वर्षभरात असं काही लागलं नव्हतं.

बायपास झालेल्याच्या पोटात गोड सरळ आतड्यात उतरतं. आतडं एकदम पाणी ओढून घेतं. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, कानशिलं गरम झाली, घाम असा फुटला की पदर पाठीला चिकटला. हात थरथरायला लागले. मी डोळे मिटून भिंतीला टेकले. मला माहीत होतं हे काय आहे. तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, डंपिंग. आडवं व्हायचं, थांबायचं, जातं.

पण ओळीतल्या एका आजीने पाहिलं आणि म्हणाली, "अंगात आलं वो माय! हळदकुंकू आणा!"

पुढचं इतक्या झपाट्याने झालं. कपाळावर मळवट भरला. कुणी ओटी आणली. कुणी पंखा बंद केला, जो मला हवा होता. बायका पाया पडायला लागल्या. आणि जाऊबाई माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हात जोडून विचारायला लागल्या, "माय, काई चुकलं का आमचं? काई चुकलं असंल तं सांग माय."

मला तोंड उघडायची भीती वाटत होती, उघडलं असतं तर शब्द आले नसते. मी नुसती मान हलवली. नाही, नाही. त्या हमसून रडायला लागल्या. मी पुन्हा मान हलवली. मग पोटात अशी कळ आली, की मी उठले आणि मागच्या दाराने धावले. देवी एवढ्या घाईने परसातल्या संडासाकडे का गेली, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून डबा यायला लागला. छोट्या वाटीत वरण, भाकरीचा पापुद्रा, आणि निरोप: "तिले जेवढं जाते तेवढंच खाऊ द्या." आजतागायत येतो. जाऊबाई सगळ्यांना सांगतात, की महालक्ष्मी माझ्या घरी बोलली आणि काही चुकलं नाही म्हणाली. मी ते खोडून काढलेलं नाही. काढायला हवं होतं असंही म्हणणार नाही. त्यांना वर्षभर जे विचारायचं होतं ते त्यांना मला विचारता येत नव्हतं, देवीला विचारता आलं. उत्तर माझंच होतं. पण ते मी शुद्धीत, पाटावर बसून दिलं असतं का? मला नाही वाटत.

म्हणून भुकेचा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारल्यासारखा वाटतो. ऑपरेशनआधीची मी फार कमी वेळा भुकेपोटी खायची. उरलेली पोळी वाया जाऊ नये म्हणून खायची, वाढणारीला बरं वाटावं म्हणून खायची, नाही म्हटल्यावर होणारं तोंड पाहायला नको म्हणून खायची. "दुसरी वाढू का?" याला हो म्हणणं हेच माझं त्या घरातलं चांगलं वागणं होतं. ते आता शरीरच करू देत नाही. लोकांना खूश करण्यासाठी खाण्याची माझी ताकद गेली. ते बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. माणसं जोडायला माझ्याकडे दुसरं काही फारसं नव्हतं.

हे लिहिल्यावर जुनी मी लगेच बोलते: फार चांगली बनू नकोस. बसस्टँडवरचे दोन समोसे एसटीच्या मागच्या सीटवर पदराआड कुणाला खूश करायला खायचीस? ते खरं आहे. त्या समोशांमध्ये ना जाऊबाई होत्या ना अन्न वाया जाण्याची चिंता. ते माझे होते, आणि गरम होते. त्यांची आठवण मला अजून येते, पुरणपोळीहून जास्त येते. तेव्हा वरच्या परिच्छेदातलं किती खरं आणि किती सोयीचं, ते तुम्हीच ठरवा, माझं रोज बदलतं.

धाकट्या नणंदेला आता हेच ऑपरेशन करायचं आहे. तिला साखर आहे, गुडघे गेले आहेत, वय माझ्यापेक्षा कमी. ती मला विचारत होती, "वहिनी, भूक लागत नाही ना मग?" मी तिला डॉक्टरांचा नंबर दिला, माझे रिपोर्ट दिले, गोळ्यांची यादी दिली. तिच्या सासरी बारा माणसं एका पंगतीला बसतात आणि वाढायला तिची सासू असते. त्याबद्दल काय सांगायचं ते ठरलेलं नाही. रविवारी ती पुन्हा येणार आहे, तक्ता समजून घ्यायला.