घरच्या बॉल मिलसाठी गोळ्या निवडताना

मातीकामाचा नाद जुनाच, पण तयार ग्लेझच्या, म्हणजे भांड्यांवर भट्टीत चढणाऱ्या काचेसारख्या थराच्या, किमती परवडेनात म्हणून फेल्डस्पार, क्वार्ट्झ ही खनिजं आणून घरीच बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळ्या घालून फिरवायच्या जारमध्ये, दळायचं ठरवलं. मिल जमली: रबर चढवलेले दोन रोलर, गिअरची मोटर आणि आतून 15 सेंटीमीटर व्यासाचा 2 लिटरचा जार. अडलं ते आतल्या गोळ्यांपाशी.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगच्या स्टीलच्या गोळ्या हव्या त्या मापात मिळतात. दुकानदाराने एक माझ्या तळहातावर ठेवली. "ताई, वजन बघा. काहीही फोडेल ही." खोटं नव्हतं. स्टीलची घनता 7.8 (पाण्याची 1), त्यामुळे वरून आदळताना मारही तसाच बसतो. पण मला हवं होतं पांढरं ग्लेझ, तेही पाण्यात दळलेलं. हे स्टील पाण्यात गंजतं, आणि त्यातून सुटलेलं लोखंड भट्टीत तपकिरी ठिपके होऊन वर येतं. स्टेनलेस गंजत नाही फारसं, पण झिजतं, आणि झिजून पडतं ते बहुतांश लोखंडच.

तिथेच माझा विचार पालटला. गोळी कुठलीही घ्या, ती झिजणार आणि मालात मिसळणार. मग सगळ्यात जड कुठली हे विचारण्यापेक्षा, काय मिसळलेलं मला चालेल हे विचारावं.

काचेच्या गोट्या सुचवणारे पुष्कळ भेटले. स्वस्त खऱ्या, पण काचेचा कठीणपणा मोहस मापावर साधारण 5.5 आणि क्वार्ट्झचा 7. म्हणजे दळायला आणलेलंच गोट्यांना दळणार! शिवाय घनता जेमतेम 2.5. एकाने शिशाच्या गोळ्या सांगितल्या. ज्या ताटात जेवायचं त्याच्या ग्लेझजवळ शिसं फिरकूही देऊ नये, एवढंच म्हणते.

उरल्या अ‍ॅल्युमिना आणि झिर्कोनिया, दोन्ही सिरॅमिकच्या. झिर्कोनियाची घनता 6 च्या आसपास, झीज अगदी थोडी, पण किंमत ऐकून गप्प बसले. अ‍ॅल्युमिना 3.6, मोहस 9. आणि ग्लेझमध्ये अ‍ॅल्युमिना असतंच; चायना क्ले आपण त्यासाठीच तर घालतो. चिमूटभर जास्त गेलं तर बिघडत नाही.

मोटरचाही हिशेब होता. जार निम्मा गोळ्यांनी भरला तर फटी सोडून साधारण 0.6 लिटर भरीव माल बसतो. अ‍ॅल्युमिनाचं वजन सव्वादोन किलोच्या आत, स्टीलचं पावणेपाचच्या जवळ. माझी मोटर दुसरं ओढताना रडली असती. आवाजापायी खालच्या मजल्यावरच्या काकूंचाही विचार करावा लागतो.

12 आणि 20 मिलिमीटरच्या गोळ्या मिसळून घेतल्या: मोठ्या खडे फोडतात, लहान बारीक करतात. पहिल्यांदा नुसती वाळू आणि पाणी घालून फिरवल्या. निघालेलं पाणी मळकट होतं, ते टाकलं. मग माल घातला, गोळ्या जेमतेम बुडतील इतकाच. कमी पडला तर गोळ्या एकमेकींवर टणाटण आपटतात; जास्त झाला तर आवाजच दबतो आणि दळण रेंगाळतं. नीट जमलं की वाळू ओतत राहावी तशी सलग सळसळ येते.

वेगाचं गणित असं: 42.3 ला जारच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागायचं. माझ्या जारला मिनिटाला सुमारे 109 फेरे येतात. त्यापुढे गोळ्या भिंतीला चिकटून फिरत राहतात, पडतच नाहीत. मी 70 ते 75 फेऱ्यांवर ठेवते. सुकं दळत नाही, क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिसचा धोका.

दळण 200 मेशच्या चाळणीतून, म्हणजे 75 मायक्रॉनमधून, सहज उतरलं की थांबते. गोळ्या धुऊन, वाळवून तोलते आणि वजन वहीत टिपते. घटलं तितकं ग्लेझमध्ये गेलं. कोबाल्टच्या निळ्यासाठी मात्र जार आणि गोळ्या वेगळ्या. कोबाल्टचा अंश पांढऱ्यात उतरला तर पुढच्या भट्टीत ताटांवर निळी झाक दिसतेच.