कॅलेंडरावरचे वजन

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाच्या रतिबाच्या खुणांशेजारी रोज एक आकडा लिहिलेला असतो: ६१.४, ६१.२, ६१.५. सकाळी लघवी करून आल्यावर, चहा घेण्याआधी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत घेतलेले ते माझे वजन असते.

माझ्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाल्याचे चार वर्षांपूर्वी बेळगावच्या रुग्णालयात समजले. घरी सोडताना परिचारिकेने ‘उप्पु कडिमे, नीरु कडिमे’ असे दोनदा बजावले. मीठ कमी, पाणी कमी एवढे कानडी आम्हा खानापूरकरांना कळतेच. पण त्यामागचे कारण उमजायला माझ्या हातून एक चूक व्हावी लागली.

गेल्या मे महिन्यात निपाणीला भाच्याचे लग्न होते. सकाळी टॉर्सेमाइडची गोळी (घरी आम्ही तिला लघवीची गोळी म्हणतो) घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि पुढचे काही तास वारंवार उठावे लागते. भरल्या बसमध्ये वाहकाला गाडी थांबवायला कोणत्या तोंडाने सांगायचे, या संकोचापायी मी हळदीच्या आणि लग्नाच्या अशा दोन्ही दिवशी ती घेतलीच नाही. त्यात पंगतीत लोणचे आणि चार पापड झाले, आणि उकाड्यामुळे मठ्ठ्याचे पेले मोजायचे राहून गेले. परतल्यावर काट्याने ६३.९ दाखवले, तेव्हा लग्नाचे जेवण अंगी लागले असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली. त्या रात्री दोन उशा घेऊनही आडवे होता येईना. पहाटेपर्यंत मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून होतो, आणि नडगीवर अंगठा दाबला तर मळलेल्या कणकेत बोट रुतावे तसा खळगा तिथेच राहत होता.

दुर्बळ हृदयाकडून मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते. शरीरातले पाणीच आटले आहे असे समजून ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पावलांवर सूज दिसेपर्यंत अनेकदा दोन-तीन लिटर साठून गेलेले असते, म्हणून काटा पायांच्या आधी बोलतो. दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच फोन करा, असे डॉक्टरांनी मला सांगितले. प्रवासाच्या दिवशी तीच गोळी घरी परतल्यावर दुपारी घेतली तरी चालते, हेही तेव्हाच कळले. मी आधी विचारले असते तर ती रात्र टळली असती.

दुसरा त्रास सांगायला मला तीन महिने लागले. डाव्या स्तनाग्राखाली गाठीसारखे काही लागे, सदरा घासला तरी दुखे, आणि हा हृदयाचाच नवा विकार असावा या धास्तीने मी गप्प होतो. डॉक्टरांनी तपासून माझ्या हृदयाच्या गोळ्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोनकडे बोट दाखवले. पुरुषांमध्ये या औषधाने स्तनांची वाढ आणि दुखणे होऊ शकते. त्यांनी त्याऐवजी एप्लेरेनोन दिले आणि काही आठवड्यांत दुखणे ओसरले. मी लाजेने गोळी परस्पर बंद केली नाही, एवढेच त्यात माझे शहाणपण.

या दोन्ही औषधांमुळे रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. सूनबाईंनी मोठ्या प्रेमाने कमी सोडियमचे मीठ आणले होते, ते याच कारणाने परत गेले, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि ते प्रमाणाबाहेर वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून न विचारता आणलेली डायक्लोफेनॅकची पाकिटेही गेली. ती गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि लघवीच्या गोळीचा जोर कमी करते. खानापूरच्या पावसाळ्यात गुडघे कुरकुरतातच, तेव्हा आता शेकावरच भागवतो.

तपासणीला जाताना मी महिन्याची पाने फाडून नेतो. डॉक्टर आकड्यांवरून बोट फिरवत जातात, आणि मध्येच दुधाच्या फुल्या आल्या की हे काय, असे दर वेळी विचारतात.