सीन ४२

सकाळपासून सिनेमाच्या शूटिंगचं शेड्यूल घेऊन बसलोय. स्क्रिप्टच्या पानाचे आठ भाग धरून प्रत्येक सीन मोजायचा, मग एका सीनची एक अशा कागदी पट्ट्या लोकेशनप्रमाणे लावायच्या. सीन ४२ कागदावर जेमतेम १/८ पान. एकच ओळ: ‘पावसात गर्दी धावते.’ लिहिणाऱ्याचं काय जातं! पाण्याचे टँकर, ५० ज्युनिअर आर्टिस्ट, प्रत्येक रीटेकला कोरडे कपडे... अख्खी रात्र त्यालाच. आणि नाइट शूटनंतर सकाळचा कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, कसा देणार? युनिटने झोपायचं कधी? झालं, पुढच्या सगळ्या पट्ट्या सरकल्या. त्यात हिरोची दाढी! आधीच्या सीनमध्ये वाढलेली, शेवटच्या सीनमध्ये गुळगुळीत हवी, आणि ते लोकेशन मिळतंय नेमकं सगळ्यात आधी.

संध्याकाळी कसंबसं जुळलं. कपात चहा ओततोय तोच फोन: ‘सर, हिरोइनच्या तारखा बदलल्यात.’