माझं माप: ६९ सेंटीमीटर

नोव्हेंबर महिना होता. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावळणावर सीताफळवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. बीडच्या दिशेनं उतरताना सायकलनं वेग घेतला, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला, आणि मी ब्रेक दाबायला बोटं पुढं केली. लिव्हरपर्यंत फक्त मधल्या बोटाचं पहिलं पेर पोचत होतं. जोर लावायचा तर हँडलवरची पकड सोडून अख्खा पंजा पुढं सरकवावा लागत होता, आणि उतारावर पकड सोडायची हिंमत होईना. शेवटी सायकल कडेच्या मुरुमात घातली, तेव्हा कुठं थांबली.

हात थरथरत होते. एका सीताफळवालीनं तांब्याभर पाणी दिलं. सायकलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, ही तुमचीच हाय का? लई मोठी दिसती तुमाला."

दुकानात तासभर घालवून जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिनं एका नजरेत सांगितलं.

माझी उंची ४ फूट ११ इंच, वजन ४७ किलो. बीडमध्ये शाळेत गणित शिकवते. सायकल लहानपणापासून चालवते, पण ती कशी शिकले ते सांगायला हवं. गावाकडं वडिलांची चोवीस इंची काळी सायकल होती. नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलतं ठेवून, अर्धं पायडल मारत मी शिकले. माझ्या वयाच्या बहुतेक मुली अशाच शिकल्या. त्यात एक गोष्ट अंगात मुरून बसते: सायकल आहे तशी आहे, वाकायचं आपण. चाळिशीत भिशीच्या पैशातून पहिली रोड बाईक घेतली, तेव्हा मी तेच केलं.

दुकानदारानं '५२' मापाची (हा फ्रेमच्या मापाचा आकडा) सायकल काढली. छोटं माप मागवावं लागेल, महिना लागेल, म्हणाला. मग सीटची दांडी पार आत घातली, मला बसवलं आणि म्हणाला, "बघा मॅडम, पुरतात की पाय." पाय पुरत होते. मी पैसे दिले.

पुढचे आठ महिने मी स्वतःलाच दोष देत राहिले. पाली ओलांडून बिंदुसरा धरणापर्यंत गेले की करंगळ्या बधिर व्हायच्या. खांद्यांच्या पात्यांमध्ये कुणी खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. वाटायचं, वय झालं, सवय नाही, ताकद कमी. मग हँडल जवळ यावं म्हणून सीट रुळावर पुढं ढकलली, तर गुडघ्याची वाटी दुखायला लागली. सीट पुढं गेली की पायडल मारताना गुडघा जास्त पुढं येतो आणि भार वाटीवर पडतो. हात पुरावेत म्हणून सीट हलवायची नसते. सीटची जागा पायांनी ठरवायची, हातांसाठी हँडल जवळ आणायचं. ही चूक मी स्वतः केली, म्हणून ठासून सांगते.

घाटातल्या त्या सकाळनंतर मी कागद-पेन घेऊन बसले. गणिताच्या बाईनं हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आधी स्वतःचं माप. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर दोन्ही मांड्यांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबानं वर घ्यायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. जमिनीपासून खुणेपर्यंत माझं माप भरलं ६९ सेंटीमीटर. ही खूण अजून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी आहे. रंगकाम झालं तेव्हा ती मी वाचवली.

टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानं एक सूत्र चालतं: हे माप गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँक (पायडल जोडलेली दांडी) ज्याभोवती फिरते त्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर. माझं येतं ६१ सेंटीमीटरच्या आसपास. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे, नंतर अर्धा-एक सेंटीमीटर इकडंतिकडं होतं.

पण उंची हा सोपा भाग. माझा सगळा त्रास लांबीचा होता, आणि लांबीच्या बाबतीत छोट्या मापाच्या फ्रेम फसवतात. हे जरा सावकाश सांगते, कारण मला ते समजायला दोन महिने लागले.

रोड बाईकचं चाक साधारणपणे एकाच मापाचं असतं, ज्याला ७००सी म्हणतात. माणूस सहा फुटी असो की पाच फुटांच्या आतला, चाक तेच. फ्रेम छोटी करत गेलं की पुढचं चाक पायडलच्या जवळ येतं आणि वळताना बुटाचं टोक चाकाला घासायला लागतं. ते टाळायला चाक पुढंच ठेवावं लागतं, म्हणून फ्रेमचा पुढचा भाग हवा तेवढा आखूड करता येत नाही. मग कागदावर फ्रेम छोटी दिसावी म्हणून सीटची नळी जास्त उभी करतात. वरच्या नळीची लांबी कमी दिसते, आणि आपण समजतो की सायकल आखूड झाली.

हिशोबच करून बघा. समजा '५२' मापात वरच्या नळीची लांबी ५३ सेंटीमीटर आणि सीटच्या नळीचा कोन ७३.५ अंश. छोट्या '४८' मापात लांबी ५१ आणि कोन ७५ अंश. दोन सेंटीमीटर वाचले असं वाटतं. आता क्रँकच्या मध्यावरून सरळ वर एक उभी रेघ काढा आणि त्या रेघेपासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा. याला 'रीच' म्हणतात, आणि त्याच टोकाच्या उभ्या उंचीला 'स्टॅक'. स्टॅक पहिल्या फ्रेमला ५३ आणि दुसरीला ५१ सेंटीमीटर धरला, तर पहिलीचा रीच येतो ३७३ मिलिमीटर आणि दुसरीचा ३७३ ते ३७४. म्हणजे काडीचाही फरक नाही! वाचलेले दोन सेंटीमीटर सगळे सीटकडून काढलेले. सीट तुमच्या पायांच्या हिशोबानं मागं घेतली की सायकल पुन्हा तेवढीच लांब.

हा हिशोब जमला त्या रात्री मी यांना झोपेतून उठवून दाखवला होता.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी एकच सांगते: फ्रेमवर लिहिलेलं 'एस', 'एक्सएस', '४८' बाजूला ठेवा, कंपनीच्या मापांच्या तक्त्यात रीच आणि स्टॅक बघा. माझ्या जुन्या सायकलचा रीच होता ३८३ मिलिमीटर, वर १०० मिलिमीटरचा स्टेम (फ्रेम आणि हँडल जोडणारा तुकडा) आणि ८० मिलिमीटर पुढं जाणारं हँडल. आत्ताच्या सायकलचा रीच ३६२, स्टेम ७०, हँडल ७०. सगळं मिळून सहा सेंटीमीटर जवळ. सहा सेंटीमीटर म्हणजे माझ्या चार बोटांची रुंदी. करंगळ्यांचा बधिरपणा तेवढ्यात गेला.

चाकच छोटं का करत नाहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. करणारे आहेत. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअर बाईनं १९८५ साली बायकांच्या सायकलींची कंपनी काढली. तिच्या छोट्या सायकलींना मागचं चाक नेहमीचं आणि पुढचं २४ इंची होतं. चित्र बघितल्यावर डोळ्यांना विचित्र वाटतं, पण त्यामागचा विचार किती सरळ आहे! आजही काही कंपन्या सर्वांत छोट्या मापांना ६५०चं, म्हणजे ७००सीपेक्षा जरा लहान चाक देतात. मला तशी सायकल इथं हाताशी मिळाली नाही. बीडसारख्या ठिकाणी त्या मापाचा टायर आणि ट्यूब कुठं शोधायची हीही चिंता होती, म्हणून मी ७००सीवरच राहिले. बुटाचं टोक अजून थोडं घासतं, पण फक्त अगदी हळू आणि पूर्ण वळताना, शाळेच्या फाटकात. तेव्हा पायडल मारणं थांबवायचं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय मागं ठेवायचा, एवढं अंगवळणी पडलंय.

'लेडीज' लिहिलेलीच घ्यावी का, हेही खूप जणी विचारतात. बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, असं धरून वेगळ्या फ्रेम बनवायची पद्धत होती. काही मोठ्या कंपन्यांनी ती अलीकडं सोडली. जायंटसारख्या कंपनीचा 'लिव' हा बायकांसाठीचा वेगळा ब्रँड चालूच आहे. माझं मत असं की शिक्का बघूच नये. माझी नणंद आणि मी सारख्याच उंचीच्या, पण तिचं पायाचं माप माझ्यापेक्षा तीन सेंटीमीटर जास्त. दोघींना एकच सायकल बसणार नाही. रंग गुलाबी आहे की काळा, याचा तर काहीच संबंध नाही.

नवी सायकल पुण्याला भावाकडं राहून घेतली. दोन दिवस चार दुकानं फिरले, पर्समध्ये शिवणकामाची टेप. वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर नळीच्या वर दोन बोटं तरी जागा मोकळी राहायला हवी. माझ्या सायकलची नळी तिथं ६७ सेंटीमीटरवर आहे, बूट घालून व्यवस्थित जागा राहते. एका दुकानात मुलांची २४ इंची चाकांची दाखवली, दुसरीकडं "तुम्हाला काय रेस लावायचीय?" असं विचारलं. मी टेप काढून मोजतच राहिले.

सायकल घेतल्यावरही काम संपत नाही. तीन गोष्टी बदलल्या, आणि त्यातली पहिली फुकट होती.

ब्रेक लिव्हरच्या आत एक बारीकसा स्क्रू असतो. लिव्हर दाबून रबर जरा मागं सारलं की दिसतो. तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दोन एमएमची अ‍ॅलन की, पाच मिनिटं. माझ्या जुन्या सायकललाही तो होता! आठ महिने तो माझ्या हाताखाली होता आणि घाटात मी पेरानं ब्रेक ओढत होते. लिव्हर जवळ घेतली की ब्रेकची वायर एकदा तपासून घ्यावी, नाहीतर लिव्हर हँडलला टेकते. आता माझी दोन बोटं पूर्ण वळून बसतात.

दुसरी क्रँक. सायकल १७० मिलिमीटरच्या क्रँकसह आली. माझ्या ६९ सेंटीमीटरच्या तुलनेत ती जवळजवळ २५ टक्के. यांचं माप ८२, क्रँक १७२.५, म्हणजे २१ टक्के. माझ्यासारखं गुणोत्तर यांना लावलं तर वीस सेंटीमीटरची क्रँक होईल! प्रत्येक फेऱ्यात माझा गुडघा छातीकडं किती यायचा, ते या आकड्यावरून कळेल. १६५ची मागवून बसवली. पाच मिलिमीटरचा फरक वरच्या टोकाला कंबरेत जाणवतो. याहून छोटी मिळाली असती तर तीही घेतली असती.

तिसरी सीट. पन्हाळी पुठ्ठा घट्ट पाटावर ठेवून त्यावर पुढं झुकून बसायचं. दोन हाडांचे दोन खळगे उमटतात. माझ्या खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर १३ सेंटीमीटर. सायकलबरोबर आलेली सीट अरुंद होती, हाडं बाहेर आणि भार सगळा मधल्या नाजूक भागावर. याबद्दल बायका बोलत नाहीत, सोसतात आणि सायकल सोडून देतात. १५५ मिलिमीटरची, मध्ये खाच असलेली सीट घेतली. गुबगुबीत गादीची घेऊ नका, ती आणखी रुतते.

हवेचं थोडक्यात: पंपवाल्यानं '१००' (पीएसआय, म्हणजे हवेचा दाब) भरली तर लगेच सोडा. ४७ किलोच्या बाईला २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ६०च्या आसपास पुरते, नाहीतर काँक्रीटच्या रस्त्यावरचा प्रत्येक सांधा मनगटात वाजतो. आणि वेड्या बाभळीचा काटा हवा बघून घुसत नाही, दोन ट्यूब जवळ असू द्या. बारीक वॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टरही ठेवा, म्हणजे रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्या मामांकडं हवा भरता येते.

पुढच्या सीताफळांच्या दिवसांत मी पुन्हा घाटात गेले. चढताना गिअर पुढं ३४, मागं ३२ दातांचा, बसूनच, न थांबता. मांजरसुंब्याला चहा घेतला आणि उतरले. ट्रॅक्टर होताच. दोन बोटांनी वेग आवरला, त्याच्या मागं हळूहळू आले, सरळ रस्ता दिसल्यावर पुढं काढली. वळणावर थांबून त्या बाईला शोधलं. ती नव्हती, तिची सून बसली होती. सहा सीताफळं घेतली, जर्सीच्या मागच्या खिशांत भरली. घरी पोचेपर्यंत दोन फुटली.

गेल्या रविवारी आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम घरी आल्या. उंची ४ फूट १० इंच. चहा होईपर्यंत मी त्यांना दाराशेजारी उभं केलं, हातात रजिस्टर दिलं आणि पेन्सिलची खूण केली. माझ्या खुणेच्या खाली, ६६वर. आता रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी मोबाईलवर तक्ते काढून बसतो. रीच ३५५च्या आतली एक सापडली आहे, तिच्या क्रँकचं माप मात्र कुठंच लिहिलेलं नाही. उद्या दुकानात फोन करणार आहोत.