जन्मतारीख २९ ऑगस्ट

सॅन होजेजवळच्या एका खासगी प्रीस्कूलमध्ये मी तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवते. जानेवारी उजाडला की पालकांचा एकच प्रश्न : मूल इथेच ठेवायचं, की सरकारी शाळेच्या टीकेत घालायचं? टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, किंडरगार्टनच्या आधीचं एक वर्ष. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात ते सुरू झालं, ते फक्त जन्मतारखेमुळे किंडरगार्टन थोडक्यात हुकलेल्या मुलांसाठी. २०२५-२६ पासून १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश, तोही फुकट. आमची फी महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे. त्यामुळे पालकांना काय सांगायचं याचा कागदच डायरेक्टरबाईंनी आम्हाला वाटलाय. मी तो वाचलेला नाही.

त्या दिवशीचं कुटुंब मराठी. मुलगा २९ ऑगस्टचा, म्हणजे टीकेत सगळ्यांत लहान. शेजारी बसणारं पोर जवळजवळ वर्षाने मोठं असू शकतं. बाबांनी एक्सेल आणली होती. टीकेत १० मुलांमागे एक मोठं माणूस, आमच्याकडे १२ मागे. "शिवाय तिथल्या शिक्षिका क्रेडेन्शियलवाल्या," म्हणजे राज्याचा शिक्षक-परवाना असलेल्या, हेही मला तोंडावर ऐकवलं. असो.

त्याला सगळी अक्षरं येतात म्हणे. अक्षरं मी बघतच नाही. आवरायची घंटा झाली की मूल ठोकळे सोडून उठतं का, ते बघते. नाही उठलं तर रडतं, फेकतं, की "अजून एकच" म्हणून घासाघीस करतं? हा घासाघीस करतो, आणि ते उत्तम लक्षण. पँटचं बटण लावता येत नाही, पण तसं येऊन सांगतो. दुपारी मात्र दोन तास गाढ झोपतो. मी म्हटलं, झोपेचं सोडलं तर तयार आहे.

आजी आमच्या चिमुकल्या खुर्चीवर कशाबशा बसल्या होत्या. "ताई, ती शाळा सुटते किती वाजता?"

"पावणेदोनला."

"हे दोघं येतात सहाला. मी जूनमध्ये परत जाणार. मग त्याला आणायचं कुणी?"

एक्सेलमध्ये हा रकाना नव्हता. बाबांनी तिथूनच शाळेला फोन लावला. शाळेनंतरच्या वर्गाला वेटिंग लिस्ट. आधी कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं घेतात. ते योग्यच आहे, पण या दोघांनी दुपारी ऑफिसातून उठायचं कसं?

अर्ज दोन्हीकडे भरलेत. परवा आईने विचारलं, सकाळी तिथे आणि दुपारी तुमच्याकडे, असं जमेल का? जागा आहे. पण त्या शाळेतून इथे मुलं आणायला आमच्याकडे गाडी नाही.