तुम्ही विचारलंत म्हणून : आधी शेवटच्या रांगेत बसा

"सात जणांसाठी गाडी घ्यायची आहे. एर्टिगा घ्यावी, कॅरेन्स घ्यावी, की आणखी थोडे थांबून सरळ इनोव्हाच घ्यावी?" हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात, मंगल कार्यालयात, आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यात, तोंडात कापूस असताना विचारला गेला आहे. त्याला कारण आमची वही. २०२३ च्या उन्हाळ्यात गाडी घेण्यापूर्वी दोन महिने मी टेप आणि शंभर पानी वही घेऊन पुण्यातली शोरूम्स हिंडत होते, आणि ही गोष्ट घरच्यांनी इतक्या ठिकाणी रंगवून सांगितली आहे की कोथरूडमध्ये मी या विषयातली जाणकार समजली जाते. मी जाणकार नाही. सांख्यिकी शिकवते, त्यामुळे मोजायची सवय आहे, इतकेच. तोंडी उत्तर दर वेळी अर्धवट राहते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

माझा पहिला प्रतिप्रश्न असतो : सात म्हणजे कोण कोण, आणि वर्षातून किती दिवस? आमच्याकडे सासू-सासरे, आम्ही दोघे, दोन मुले आणि सदाशिव पेठेत राहणारी माझी आई, असे सात होतात. मागच्या वर्षाची दिनदर्शिका पुढ्यात घेऊन मोजले, तेव्हा सातही जण एकत्र निघाल्याचे दिवस अकरा भरले : दिवाळीत गुहागरजवळच्या गावी जाणे-येणे, गणपती, कुलदैवत, दोन लग्ने. उरलेल्या बहुतेक दिवसांत गाडीत एक किंवा दोन माणसे आणि समोर कर्वे रस्त्यावरचा सिग्नल. अकरा दिवसांसाठी मोठी गाडी घ्यावी का, यावर घरात बराच वाद झाला. तुमचे दिवस चार-पाचच भरत असतील, तर पाच जणांची गाडी ठेवावी आणि त्या दिवसांपुरती चालकासह इनोव्हा भाड्याने घ्यावी, असे मी स्पष्ट सांगते, आणि ते ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. आमच्याकडे निर्णय अकरा दिवसांनी नाही, तर दर गुरुवारी आईला घेऊन दवाखान्यात जाण्याने झाला. त्या दिवशी आम्ही पाच-सहा जण असतोच.

सात जणांची गाडी घ्यायचीच असे ठरले, की शोरूममध्ये गेल्यावर चालकाच्या जागी बसू नये. सगळे तिथेच बसतात, स्टिअरिंग हातात घेतात, पडद्याचा आकार पाहतात आणि मनातल्या मनात गाडी घरी आणतात. मी आधी तिसऱ्या रांगेत बसत असे, तेही चालकाची सीट नवऱ्याच्या उंचीप्रमाणे आणि मधली सीट सासऱ्यांना आरामशीर होईल अशी लावून झाल्यावर. शोरूमवाले मधली सीट पुढे ढकलून मागची जागा ऐसपैस दाखवतात. त्यांची ती रीतच आहे. शेवटच्या रांगेत पायांखालची जमीन उंच असते आणि बैठक बुटकी असते, त्यामुळे मांड्या अधांतरी राहतात आणि गुडघे छातीकडे येतात. पहिल्या दोन मिनिटांत हे जाणवत नाही, म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटे बसावे. हवा नीट येते का, तेही तिथे बसूनच पाहावे, कारण काही गाड्यांत तिसऱ्या रांगेला स्वतःचे व्हेंट असतात आणि काहींत छतावरून दुसऱ्या रांगेसाठी सोडलेला झोतच मागे पोचेल तेवढा पोचतो. मेच्या दुपारी साताऱ्याच्या पुढे हा फरक फार मोठा होतो.

पुणेकराला आपल्या गावात तयार होणाऱ्या गाडीचा मोह पडणे साहजिक आहे. स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० चाकणला तयार झालेल्या, सफारी पिंपरीची. आम्हीही सुरुवात उंच एसयूव्हींपासूनच केली होती. त्यांतल्या एकीपाशी सासूबाईंना नेले. एक गुडघा बदललेला, दुसरा कुरकुरणारा. त्यांनी दाराच्या आतली कडी धरली, डावा पाय फूटबोर्डवर ठेवला आणि तशाच थांबल्या, चेहऱ्यावर एस.टी.त चढताना असतो तसला निर्धार होता, पण उजवा पाय जमिनीवरून उचलला जाईना. मग त्यांनी डावा पाय सावकाश खाली घेतला, पदर सारखा केला आणि शोरूममधल्या मुलाला म्हणाल्या, "बाळा, गाडी छान आहे हो. पण हिच्याबरोबर एक स्टूल देता का?" तो बिचारा हसला. आमची मात्र निम्मी यादी त्या क्षणी खोडली गेली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीच्या दाराचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजू लागले. स्कॉर्पिओ-एन किंवा इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या गाड्यांत खाली लोखंडी सांगाडा असतो, ज्याला लॅडर फ्रेम म्हणतात, आणि त्यावर गाडीचे धड बसवलेले असते; त्यामुळे त्या दणकट असतात, परंतु पाय ठेवायची जागा आपोआप वर जाते. एर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस यांत असा वेगळा सांगाडा नसतो, धडच सगळा भार पेलते, म्हणून त्यांची जमीन खाली ठेवता येते. खडीच्या रस्त्याने शेतावर जाणाऱ्याने पहिला प्रकार घ्यावा. ज्यांच्या घरात गुडघे दुखणारी माणसे आहेत, त्यांनी दुसरा.

दुसरी परीक्षा डिकीची. शोरूममध्ये जाताना आम्ही खऱ्या बॅगा घेऊन गेलो : एक चाकांची मोठी बॅग, दोन पिशव्या आणि सासऱ्यांचा घडीचा वॉकर. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्यावर एर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६ लिटर आणि ट्रायबरमध्ये ८४ लिटर जागा उरते. कागदावर हे आकडे निर्जीव वाटतात. वॉकर आत गेल्यावर मोठी बॅग उभी राहते की आडवी, हे पाहिले की त्यांचा अर्थ कळतो. सात माणसांचे चार दिवसांचे सामान यांपैकी कशातही मावत नाही, टपावर कॅरिअर लागतोच, हे मनाशी पक्के धरूनच चालावे. ट्रायबरची गंमत अशी, की तिच्या मागच्या दोन सीट काढून घरी ठेवता येतात आणि मग ६२५ लिटरची जागा मिळते. शिवाय ती चार मीटरच्या आत आहे आणि तिचे पेट्रोल इंजिन एक लिटरचे आहे, त्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तर वर नाव घेतलेल्या बाकी सगळ्या गाड्यांवर ४० टक्के. पाच मोठे आणि दोन लहान मुले असतील, बजेट आवळलेले असेल आणि फिरणे बहुतांशी शहरातले असेल, तर मी तिचे नाव बिनदिक्कत घेते. सात मोठी माणसे घेऊन घाट चढायचा असेल, तर घेत नाही.

घाटाचा विषय निघालाच आहे, तर इंजिनाबद्दल सांगते. गावी जाताना आम्हाला आधी खंबाटकी आणि मग पाटणच्या पुढे कुंभार्ली घाट लागतो. शोरूमची चाचणी-फेरी बाणेरच्या सपाट रस्त्यावर, दोन माणसांत आणि पाच मिनिटांत उरकते. तिच्यावरून काहीच कळत नाही. मी हट्टाने सात माणसे बसवून, एसी चालू ठेवून, जुन्या कात्रज घाटात गाडी नेली. सातवा माणूस म्हणून शोरूमचा मुलगाच तिसऱ्या रांगेत बसला आणि उतरल्यावर प्रथमच त्याने त्या सीटचे कौतुक केले नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून त्याचा जोर वाढवणारा पंखा, नसलेले दीड लिटरचे पेट्रोल इंजिन भरल्या गाडीने घाट चढते, अडत नाही, मात्र गिअर वारंवार खाली घ्यावा लागतो आणि पुढचा ट्रक ओलांडण्याआधी विचार करावा लागतो. ज्याला याची सवय आहे त्याला त्यात काही वाटत नाही.

डिझेलचा जोर घाटात सुखावतो हे खरे. परंतु एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली, आणि ती साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर एका वेगाने बराच वेळ चालावी लागते. कोथरूडहून डेक्कन आणि डेक्कनहून कोथरूड एवढाच ज्या गाडीचा प्रवास आहे, तिची जाळी तुंबण्याची भीती असते. त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. महिन्यातून दोनदा कोल्हापूर-नागपूर करणाऱ्याने डिझेल घ्यावे, इतरांनी हौसेखातर घेऊ नये. सीएनजी स्वस्त पडतो, पण टाकी डिकीत बसते आणि वॉकर माणसांच्या मांडीवर येतो. हायक्रॉसचे हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर यांची जोडी, पुण्याच्या रस्त्यांना सर्वांत चांगले जुळते, कारण रांगणाऱ्या वाहतुकीत गाडी बराच वेळ बॅटरीवर सरकते आणि इंजिन बंद राहते. कंपनीचा दावा लिटरला २३.२४ किलोमीटरचा आहे. तिची पुढच्या आणि मागच्या चाकांमधली २८५० मिलिमीटरची लांबी शेवटच्या रांगेत सरळ जाणवते. आमच्या वहीत तिला सर्वाधिक गुण होते. आमच्या बँकेतल्या शिलकीला नव्हते.

सुरक्षेबाबत एवढेच, की ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनकॅप ही गाडी आदळवून तिची सुरक्षा तपासणारी आपली स्वतःची चाचणी जाहीर झाली आणि तिच्यात सर्वांत आधी पाच तारे मिळवणाऱ्या गाड्यांत सफारी होती. तुम्ही निवडाल त्या गाडीचा निकाल नक्की पाहा. लहान बाळ असेल तर त्याची खुर्ची अडकवण्याचे खटके बहुधा दुसऱ्या रांगेत असतात, आणि खुर्ची तिथे अडकवली की ती सीट दुमडून मागे जायची वाट बंद होते. हे गाडी घेतल्यावर कळलेले दोन शेजारी मला माहीत आहेत.

पार्किंग तर आधीच मोजा. आमच्या इमारतीच्या यांत्रिक पार्किंगच्या खांबावर उंचीची मर्यादा १५५० मिलिमीटर लिहिलेली आहे आणि एर्टिगाची उंची १६९० आहे. यादीतली एकही गाडी वरच्या मजल्यावर चढणार नव्हती. खालची जागा मिळवायला सोसायटीच्या दोन बैठका लागल्या. त्या मानाने गाडीचे पैसे भरणे सोपे गेले, जरी एका शोरूमने 'हँडलिंग'च्या नावाखाली एक रक्कम बिलात घातली होती आणि ती कशाची, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर ती निमूटपणे काढून टाकली होती. तुम्हीही तिसऱ्यांदा विचारा.

अखेर आम्ही कॅरेन्स घेतली, टर्बो पेट्रोल. तिचा उंबरा सासूबाईंना जमला, मधली सीट एका बटणावर दुमडून पुढे जाते हे मुलांना जमले, आणि चाकांमधली २७८० मिलिमीटरची लांबी मला पटली. एर्टिगाची २७४० आहे. याचा अर्थ तुम्हीही तीच घ्यावी असा नाही. दोघांतला फरक थोडा आहे, आणि तुमच्या घरापासून सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे, हे पाहून एर्टिगा घेतलीत तरी मी तुम्हाला नावे ठेवणार नाही.

एक चूक मात्र झाली. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा जणांची गाडी नको, सातवी जागा हवीच, म्हणून आम्ही सलग बाक घेतला. तो योग्यच होता, पण जागा वाटताना मी मुलांची त्या वर्षाची उंची धरली होती. थोरला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि शेवटच्या रांगेत मजेत बसत असे. आता तो वडिलांच्या कानाला लागला आहे, आणि गेल्या दिवाळीत पाटण येईपर्यंत त्याचे गुडघे पुढच्या पाठीला टेकले होते. कुंभार्लीच्या आधी चहाला थांबलो तेव्हा आम्ही जागा बदलल्या, आणि तेव्हापासून लांबच्या प्रवासात धाकटीच्या शेजारी, शेवटच्या रांगेत, मी बसते.